विज्ञान-शंका : लंबकाचे उत्तर 9.81 का आले नाही?

प्रश्न : मी सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकते. साध्या लंबकाच्या प्रयोगात मी आधारापासून गोळ्याच्या हुकापर्यंत दोऱ्याची लांबी 100.0 सेंटिमीटर घेतली, गोळा सुमारे 18 सेंटिमीटर बाजूला ओढून सोडला आणि वीस आंदोलनांचा वेळ पाच वेळा मोजला. तो 40.38, 40.61, 40.47, 40.59 आणि 40.50 सेकंद भरला. त्यावरून गुरुत्वत्वरण 9.6227 आले. शेजारच्या गटाने दोन रीडिंग्ज खोडून पुस्तकातले 9.81 आणले. माझे कोठे चुकले? उन्हाळ्यातील उष्णतेमुळे असे होते का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुमची पाचही रीडिंग्ज आहेत तशीच राहू द्या, कारण कोठे चुकले ते शोधण्याचा मार्ग त्यांच्यातूनच जातो. त्यांची सरासरी 40.51 सेकंद येते. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते म्हणून वेळही तितक्या बारकाईने मोजला गेला, असे मात्र समजू नये; डोळ्यांनी पाहिल्यानंतर अंगठा बटण दाबेपर्यंत सेकंदाचा एक-दोन दशांश भाग निघून जातो आणि दर वेळी तो सारखाच नसतो. तुमच्या रीडिंग्जमधील 0.23 सेकंदांचा फरक मुख्यतः तेथून आला आहे. सरासरी घेतल्याने तो बराच निवळतो आणि प्रमाण विचलनावरून, म्हणजे रीडिंग्ज सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्यावरून, गणित केले, तर सरासरीची अनिश्चितता सुमारे 0.04 सेकंद, म्हणजे 0.1 टक्का ठरते. सूत्रात (g = 4π²L/T²) आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा (T), वर्ग असल्याने तिचे 0.2 टक्के होतात आणि लांबी (L) मोजताना एका मिलिमीटरच्या चुकीची शक्यता धरली, तर आणखी 0.1 टक्क्याची भर पडते. म्हणून तुमचे उत्तर 9.62 ± 0.03 मीटर प्रति वर्ग सेकंद असे लिहायला हवे. 9.6227 मधील शेवटचे दोन अंक कॅल्क्युलेटरने दिले आहेत. तुमच्या मोजणीचा त्यांना आधार नाही.

आता या उत्तराची तुलना कशाशी करायची, हे पाहू. 9.81 ही पॅरिस किंवा लंडनच्या आसपासची किंमत आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आणि विषुववृत्ताकडील फुगवट्यामुळे गुरुत्वत्वरण ध्रुवावर सुमारे 9.83, तर विषुववृत्तावर 9.78 असते. 1672 मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि त्याला लंबक आखूड करावा लागला. सोलापूर सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. त्यावरून येथील अपेक्षित किंमत 9.78 निघते. शेजारच्या गटाने रीडिंग्ज खोडून जे उत्तर मिळवले, ते सोलापूरचे नाहीच.

तुमचे उत्तर 9.78 पेक्षा 0.16 ने कमी आहे. हा फरक ±0.03 च्या पाचपट आहे, म्हणून अंगठ्याच्या मागेपुढे होण्यावर तो ढकलता येत नाही. उत्तराला प्रत्येक वेळी एकाच बाजूला ओढणारे काहीतरी प्रयोगात आहे आणि अनिश्चिततेचे गणित मांडल्यामुळेच ते लक्षात येते. मला दोन कारणे दिसतात. पहिले लांबीचे. लंबकाची लांबी आधारापासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरतात, तुम्ही मात्र ती हुकापाशीच थांबवली आहे. हूक तीन मिलिमीटरचा आणि गोळ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर असेल, तर खरी लांबी 101.3 सेंटिमीटर होते आणि ती 100 धरल्यानेच उत्तर सुमारे 0.13 ने खाली येते. दुसरे कारण कोनाचे. 18 सेंटिमीटर ओढले की कोन दहा अंशांचा होतो. नेहमीचे सूत्र अगदी लहान कोनासाठी आहे. दहा अंशांना आवर्तकाल सुमारे 0.2 टक्क्याने वाढतो आणि उत्तर आणखी 0.04 ने घटते. दोन्ही मिळून तुमच्या फरकाचा जवळजवळ पूर्ण हिशेब लागतो. व्हर्निअरने, म्हणजे मिलिमीटरहून लहान अंतरे मोजणाऱ्या मापकाने, गोळ्याचा व्यास मोजा, हुकाची लांबी धरा आणि गोळा आठ-नऊ सेंटिमीटरपेक्षा अधिक ओढू नका. दोरा गोळा टांगलेला असतानाच मोजावा, कारण सुती दोरा भाराने ताणला जातो.

याहून चांगला मार्ग म्हणजे 60 ते 120 सेंटिमीटरपर्यंत पाच-सहा लांबी घेऊन, आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढणे. हुकापर्यंतच मोजण्याची चूक प्रत्येक लांबीत सारखीच असल्याने ती रेषेचा चढ बदलत नाही, फक्त रेषा सरकवते. गुरुत्वत्वरण चढावरून काढायचे असल्यामुळे ते या चुकीतून सुटते. शिवाय रेषा लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जेथे छेदते, ते अंतर हूक आणि त्रिज्या यांच्या बेरजेइतके, म्हणजे येथे सुमारे 1.3 सेंटिमीटर, मिळायला हवे. पहिल्या वर्षाच्या प्रयोगांत मला हा आलेख सर्वांत मोलाचा वाटतो. कोनाची चूक मात्र चढातही शिरते, म्हणून तेथे कोन लहान ठेवण्याला पर्याय नाही.

उष्णतेचा दोष नाही. तापमान वीस अंशांनी वाढले, तरी एक मीटरची पोलादी पट्टी जेमतेम पाव मिलिमीटर वाढते. पंखा मात्र बंद ठेवा, कारण त्याच्या वाऱ्याने गोळा सरळ रेषेत न झुलता लंबवर्तुळात फिरू लागतो.

रीडिंग खोडण्याविषयी स्पष्ट लिहितो. दोऱ्याची गाठ सरकली किंवा मोजणी चुकली, असे त्याच वेळी लक्षात आले असेल, तर त्या रीडिंगवर एकच रेघ मारून शेजारी कारण लिहावे. उत्तर पाहून नंतर रीडिंग वगळणे म्हणजे मोजमाप न करताच उत्तर लिहिणे होय, आणि परीक्षकांनीही 9.62 ला गुण कापण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्यामागचे कारण विचारायला हवे.

प्रश्न : माझ्या मुलाने घरी खिडकीच्या गजाला नट बांधून हाच प्रयोग केला. लांबी नटाच्या मध्यापर्यंत नीट मोजली होती, तरी उत्तर 10.8 आले. एवढा फरक कशाने पडतो?
— एक पालक, बार्शी

उत्तर : बहुधा मोजणीची सुरुवात चुकली आहे. स्टॉपवॉच सुरू करतानाच ‘एक’ म्हटले, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत आंदोलने एकोणीसच होतात. मग वीस भागिले एकोणीस याचा वर्ग केला की 1.108 येतो आणि 9.78 चे 10.84 होते. नट स्थिर लटकत असताना त्याच्यामागे भिंतीवर खडूची उभी रेघ काढून घ्यावी. झुलता नट ठरलेल्या एकाच दिशेने ती ओलांडेल तेव्हा ‘शून्य’ म्हणून बटण दाबावे आणि त्याच दिशेने विसाव्यांदा ओलांडताना थांबवावे. टोकापाशी नट क्षणभर रेंगाळतो, म्हणून तेथे नेमका क्षण पकडणे अवघड जाते. मध्यावर त्याचा वेग सर्वांत जास्त असल्याने रेघ ओलांडल्याचा क्षण अधिक स्पष्ट कळतो.