एका स्टिकचं अंतर

अनेक आशीर्वाद.

आइस हॉकीत डिफेन्समन म्हणून खेळतोस; दोन गोल मारूनही तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडला बेंचवर बसवलं, म्हणून आता बचाव सोडून फॉरवर्डच व्हावं का, असं विचारतोस. व्हिडिओ पाहिला. गोल छान होते. पण ब्लू लाइन, म्हणजे आपल्या झोनची सीमारेषा, ओलांडणाऱ्या समोरच्या फॉरवर्डला तू चार वेळा पंधरा-पंधरा फूट मोकळी जागा दिलीस. तुझा प्रश्न पोझिशनचा नाही, अंतराचा आहे.

तुझ्यात आणि पक (खेळायची रबरी चकती) घेऊन येणाऱ्यात मधल्या लाल रेषेवर दोन स्टिकचं अंतर हवं, आपल्या ब्लू लाइनवर एका. स्टिक म्हणजे साधारण पाच फूट. ब्लू लाइनपासून गोल लाइन ६४ फूट. तू मागे सरकत राहिलास की त्यातले वीस फूट तो फुकटात घेतो, आणि वर तुझ्याच आडून शॉट मारतो. गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, पक दिसतसुद्धा नाही. मग बेंचवर येऊन गोलीकडे कसले डोळे वटारतोस?

हे अंतर ब्लू लाइनवर बिघडत नाही, पाच सेकंद आधी बिघडतं. आपले फॉरवर्ड समोरच्या झोनमध्ये पक घेऊन असताना तू लाल रेषेवर उभा राहून बघत होतास. पुढे सरक, त्यांच्या ब्लू लाइनपर्यंत जा. पक हातचा गेला की दोन-तीन जोरदार क्रॉसओव्हर (एका पायावरून दुसरा पाय टाकत) मारून वेग घे आणि मग सरळ मागे ये. तो जवळ आल्यावर क्रॉसओव्हर अजिबात नको. तुझी कंबर एकीकडे वळली की तो दुसरीकडून जाणार, हे त्याला बारा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

तुझा बाहेरचा खांदा त्याच्या आतल्या खांद्यासमोर हवा, म्हणजे त्याला बोर्डाकडेच जावं लागेल. स्टिक एका हातात, कोपर कमरेजवळ, ब्लेड बर्फावर. हात आधीच पूर्ण ताणलास तर तुझी पोच किती ते त्याला कळतं. नजर छातीवरच्या बोधचिन्हावर ठेव. पक फसवतो, छाती फसवत नाही. आणि झेप घेऊ नकोस. किती वेळा सांगू? ज्याने अंतर राखलंय त्याला झेप घ्यावी लागत नाही.

मला जुन्या वळणाचा म्हणतात. म्हणोत. उलट २००५-०६ पासून एनएचएलने (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) हुकिंग-होल्डिंगवर, म्हणजे स्टिक अडकवण्यावर आणि धरून ठेवण्यावर, कडक शिट्टी सुरू केली, तेव्हापासून अंतराची किंमत वाढलीच आहे. पूर्वी चुकलेला डिफेन्समन स्टिक अडकवून निभावून न्यायचा, आता दोन मिनिटं बाहेर बसतो. डिफेन्समन निकलास लिडस्ट्रॉम बघ. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (संघांच्या खेळाडू निवडीत) ५३ वा, पुढे सर्वोत्तम डिफेन्समनच्या सात नॉरिस ट्रॉफ्या. १,५६४ सामन्यांत पेनल्टी ५१४ मिनिटं, म्हणजे सामन्याला वीस सेकंदसुद्धा नाहीत. अंगावर धावून जाणं त्याच्या खेळात फारसं नव्हतंच. तो आधीच योग्य जागी असायचा. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून तुझ्यावर ओरडतोय.

एकावर दोघे आले तर पास अडवणं तुझं काम, शॉट अडवणं गोलीचं. घाईने आडवा पडू नकोस.

कोपऱ्यात पक आणायला जाताना पोचण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे बघ. तू एकदाही बघत नाहीस. आणि बोर्डापासून तीन-चार फुटांवर पाठ करून थांबू नकोस. धक्का बसला की तेवढ्याच जागेत डोकं आपटतं. थेट बोर्डाला खेटून राहा. पॉइंट्स, पॉवर प्ले, सगळं बाजूला ठेव, हे वाक्य मात्र पुन्हा वाच.

शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक खेप, ४५ सेकंदांची. तुझी एक सव्वा मिनिटाची होती, आणि दमलेल्या पायांचं अंतर आपोआप वाढतं. स्केटची धारही तपास. अर्ध्या इंचाचा हॉलो (पात्याखालच्या खाचेची गोलाई) नेहमीचा, पण तुझं वजन वाढलंय; पाच-अष्टमांश करून बघ. पकड किंचित कमी होईल, घसरण सुधारेल.

ज्युनियर की कॉलेज, यात घाई नको. ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनियर, म्हणजे कॅनडातल्या वरच्या ज्युनियर लीगांत, खेळलेल्यांनाही अमेरिकन कॉलेजांच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळता येतं, त्यामुळे एक दार उघडलं म्हणून दुसरं बंद होत नाही. आईला हे नीट समजावून सांग, तिला उगाच घोर लागलाय.

पुढच्या सामन्याचा व्हिडिओ थांबवत थांबवत बघ. समोरासमोरच्या प्रत्येक वेळी लाल रेषेवर किती स्टिक, ब्लू लाइनवर किती, एवढे दोनच आकडे वहीत लिही आणि रविवारी पाठव. गोल किती झाले ते लिहू नकोस.