कोल्हापुरात आर्किटेक्चर शिकतोय. कॉर्बुझिए (चंदीगडचे वास्तुकार) सोडून कुठल्या आधुनिक वास्तुकाराचा अभ्यास करावा? शक्यतो मराठी.

अच्युत कानविंदे. जन्म १९१६ चा, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचा. म्हणजे कोल्हापूरकरांसाठी घाट उतरला की आलंच. मुंबईत जे.जे.ला शिकले, मग हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेचे जर्मन प्रणेते वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत फर्म काढली. १९७४ ला पद्मश्री, २००२ मध्ये निधन. चरित्र एवढं पुरे, खरी मजा इमारतींत आहे.

आयआयटी कानपूर सगळे सांगतील: काँक्रीटची चौकट, मधे विटा, आणि इमारतींना जोडणारे छपराचे रस्ते, कारण तिथलं ऊन. पण माझं मत विचाराल तर गुजरातेतल्या मेहसाण्याची दूधसागर डेअरी आधी बघा. गोकुळ दूध संघाच्या गावातल्या माणसाला ती लगेच कळेल. दूध वरच्या मजल्यावर येतं आणि प्रक्रिया होत होत खाली उतरतं, उताराचा फायदा घेऊन. छतावर उभे काँक्रीटचे मनोरे दिसतात ते शोभेसाठी नाहीत, आतली गरम हवा त्यातून बाहेर पडते. कारखान्याला इतका रुबाब देणारे वास्तुकार आपल्याकडे थोडेच.

मेहसाणा लांब वाटत असेल तर पुण्यात बालेवाडीची नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी त्यांचीच. आधी परवानगी काढा, स्केचबुक न्या. आणि तिथे प्लॅनपेक्षा (वरून दिसणारा आराखडा) सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढा, कानविंदे सेक्शनमध्येच उलगडतात. आपला कोल्हापूरचा नक्षीदार न्यू पॅलेस बघून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला हे सगळं रुक्ष वाटेल, वाटू द्या.