नवरा म्हणतो वाघोली, मी म्हणते कोथरूड

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मोठं आहे, बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही कोथरूडला भाड्याने राहता. तू कर्वेनगरच्या शाळेत शिकवतेस, मिस्टर खराडीला आयटीत, मुलगी सिनियर केजीत, आणि आता साताऱ्याहून सासू-सासरे कायमचे राहायला येणारेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मिस्टरांना वाघोलीत बांधकाम चालू असलेला अडीच बीएचके हवाय, ८५ लाख, क्लबहाऊस वगैरे सगळं, पझेशन तीन वर्षांनी, त्याच प्रोजेक्टमध्ये दिरांनी आधीच बुक केलंय. तुला कोथरूडचा तीस वर्षं जुना टू बीएचके हवाय, ९५ लाख, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दसऱ्याच्या आत टोकन दिलं तर फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, माफ अशी ऑफर आहे, रोज रात्री मुलगी झोपली की यावरून वाजतं, आणि शेवटी तू विचारलंयस, "ताई, मी स्वार्थी आहे का, नोकरी सोडून गप्प जावं का त्यांच्याबरोबर?"

नाही गं, स्वार्थी अजिबात नाहीस. पण तुझे मिस्टरही नाहीयेत हे आधी मान्य कर. कोथरूडहून खराडी म्हणजे अख्खं पुणं ओलांडून जायचं, नगर रोडचा ट्रॅफिक, येताना अंधार, आणि हे तो माणूस सहा वर्षं करतोय, तुझी शाळा जवळ राहावी म्हणूनच करतोय ना? तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे, "त्यांना तिकडून ऑफिस जवळ पडतं", बस. हे तू त्याच्या तोंडावर कधी म्हटलंयस का, की तू इतकी वर्षं माझ्यासाठी लांबून जातोयस हे मला दिसतंय? नसशील तर आजच म्हण, घराचा विषय न काढता म्हण. मला वाटतं निम्मं भांडण तिथे आहे. बाकीचं निम्मं दिरांच्या बुकिंगमध्ये आहे, भावाने टॉवरमध्ये घेतलं आणि आपण जुन्या बिल्डिंगमध्ये जातोय हे पुरुषांना लागतं, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच. त्यावरून टोमणा मारू नकोस.

आता एरियाचं. माझं मत सरळ आहे, घर घेताना कुटुंबातल्या कुणाचं ठिकाण हलू शकतं आणि कुणाचं नाही हे बघायचं. आयटीतला माणूस वीस वर्षं एकाच ऑफिसात राहात नाही, आज खराडी, उद्या हिंजवडी, परवा बाणेर नाहीतर मगरपट्टा, आणि वाघोलीहून हिंजवडीला रोज जायची वेळ आली तर आत्ताचं कोथरूड-खराडी बरं होतं असं म्हणायची पाळी येईल. तुझी शाळा मात्र हलणार नाही, मुलीची पहिली ते दहावी हलवणं सोपं नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर, औषधवाला, चालायला फुटपाथ हे रोजचं आहे. तुमच्या घरात पाच माणसं, त्यातल्या चौघांचा दिवस घराच्या आसपास जाणार आणि एकाचा लांब. म्हणून मी तुझ्या बाजूने आहे, कोथरूड-कर्वेनगर-वारजे हाच पट्टा.

आणि वाघोलीचं पझेशन तीन वर्षांनी आहे म्हणतेस. सासू-सासरे येणार आत्ता, मुलगी पहिलीत जाणार पुढच्या जूनला, मग ही तीन वर्षं राहणार कुठे? कोथरूडलाच, भाड्याने, वर हप्ता चालू. ६० लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरलं तर हप्ता महिना ५२ हजारांच्या आसपास जातो. बांधकाम चालू असताना पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात म्हणून सुरुवातीला कमी बसेल, पण स्लॅब पडत जातील तसा वाढणार, आणि भाडं चालूच. शिवाय ८५ लाखांवर जीएसटी ५ टक्के म्हणजे सव्वाचार लाख, रिसेलला तो लागत नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे ७ टक्के, फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर ६. हे आकडे एका कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेव, हिशोबी माणूस आहे म्हणतेस ना, मग तोच बेरीज करेल.

तो म्हणेल वाघोलीला मेट्रो येतेय. हो, रामवाडीच्या पुढे वाघोलीपर्यंत न्यायला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिलीये. पण आपल्याकडच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं, आणि गाडी रामवाडीला पोचली मार्च २०२४ मध्ये. मंजुरीचे पैसे आज बिल्डरला का द्यायचे? त्यापेक्षा आज चालू आहे ती मेट्रो त्याने नीट वापरून बघू दे, वनाज किंवा नळ स्टॉपला बसायचं ते थेट रामवाडी, पुढे खराडीपर्यंत रिक्षा किंवा बस. आठवडाभर करून बघ म्हणावं, बाईकपेक्षा जीव कमी दमतो का ते कळेल.

वाघोली वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं. ज्यांचं दोघांचंही ऑफिस खराडीला आहे त्यांनी जरूर घ्यावं. पण बघायची पद्धत आहे. गाव महापालिकेत आलं जून २०२१ ला, पण महापालिकेत आलं म्हणून नळाला पुरेसं पाणी आलं असं होत नाही. रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊ नका, सोमवारी सकाळी साडेआठला जा, आणि शेजारच्या तयार सोसायटीच्या गेटवर थांबा. टँकर येतो का, दिवसाला किती येतात, हे वॉचमन सांगतो, आणि सेक्रेटरीला गाठून एप्रिल-मेचं टँकरचं बिल विचारा, कारण ते पैसे शेवटी मेंटेनन्समधूनच जातात. हे सगळं तुझ्या मिस्टरांना घेऊन कर, एकटी जाऊन पुरावे गोळा करून आणलेस तर तो ऐकणार नाही.

आता तुला जरा बोलते. तो तिसरा मजला सोडून दे. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे तूच लिहिलंयस आणि वर लिफ्ट नसलेलं घर, कसं चालेल? पाच-सहा जिने म्हणजे त्या महिन्यातून दोनदा खाली उतरतील, साताऱ्यात रोज देवळात जाणारी बाई इथे बाल्कनीत बसून राहील. रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा लिफ्ट मिळेल म्हणतेस, पण ते कधी होईल हे सोसायटीलाही सांगता येत नाही, झालं तर म्हाताऱ्यांना घेऊन पुन्हा भाड्याच्या घरात जायचं, आणि सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी, झालेलं नसेल तर पहिली काही वर्षं कागदांतच जातात. तीस वर्षांच्या बिल्डिंगला बँक कधीकधी लोन कमी देते किंवा मुदत कमी देते, तेही आधी विचार.

म्हणजे दोघांचेही फ्लॅट बाद, एरिया तुझा. कर्वेनगर-वारज्यात पंधरा-वीस वर्षांच्या, लिफ्ट असलेल्या बिल्डिंग आहेत, खोली थोडी लहान मिळेल, स्विमिंग पूल मिळणार नाही, पण भोगवटा पत्र (राहायला परवानगीचा महापालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद), कन्व्हेयन्स नीट असेल तर तिथे लगेच राहायला जाता येतं. नदीच्या बाजूचं काही आवडलं तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं त्या नकाशावरच्या रेषा, आधी बघा, जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगच्या वर पाणी चढलं होतं, लोकांना बोटीने काढावं लागलं.

सासू-सासऱ्यांना कुणी विचारलंय का? पत्रात तरी दिसलं नाही. त्यांच्यासाठी म्हणून दोघं भांडताय, पण दोघांनीही त्यांना फोन केलेला नाही. कदाचित त्यांना धाकट्या मुलाजवळ राहायचं असेल, कदाचित नको असेल. स्पीकरवर फोन लाव, मिस्टर शेजारी असताना, आणि नुसतं विचार, तुम्हाला रोज काय काय लागतं? उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

टोकनबद्दल, दसऱ्याची घाई करू नका. ऑफर दिवाळीला येते, पाडव्याला येते. तरी त्याने द्यायचंच ठरवलं तर प्रोजेक्टचा रेरा नंबर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर टाकून पझेशनची तारीख आणि कोर्टकेसेस बघा, आणि रजिस्टर करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही हे लक्षात ठेवा. टोकन परत कसं मिळेल ते आधी लेखी घ्या, तोंडी नाही.

आणि राजीनामा देऊ नकोस. बारा वर्षांची नोकरी आहे, घराच्या हप्त्यात तुझा पगार धरलेला आहे असं तूच लिहिलंयस. तो पगार गेला तर वाघोलीही झेपणार नाही आणि कोथरूडही नाही, हे मिस्टरांनाही पटेल. घर कुठेही घ्या, करारावर तुझं नाव हवं. बोलणं कसं झालं ते कळव, सासूबाई काय म्हणाल्या ते तर नक्कीच.

तुझी ताई