पदक परत मागायची मुदत

कराडच्या एका वाचकांचं पत्र आहे. त्यांचे आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते. तिथल्या एका इंग्रज इंजिनिअरने मायदेशी परतताना त्यांना एक ब्राँझचं पदक दिलं. टायटॅनिकमधून वाचलेल्यांनी आपल्याला वाचवणाऱ्या 'कार्पेथिया' जहाजाच्या कप्तानाला आणि खलाशांना दिलेल्या पदकांपैकी ते एक. 2021 च्या दिवाळीत वाचकांनी ते सांगलीच्या एका जुनी नाणी जमवणाऱ्या गृहस्थांकडे किंमत काढायला दिलं, तेही पावती न घेता. आता ते गृहस्थ परत द्यायला तयार नाहीत आणि पदक परदेशात लिलावाला जाणार असं कानावर आलंय. वाचक विचारतात, आता वकिलाची नोटीस दिली आणि नकार आला, तर तीन वर्षांची मुदत त्या नकारापासून मोजता येईल ना?

नाही येणार. सगळं प्रकरण इथेच ठरणार आहे.

असली पत्रं मला सतत येतात. कुणी भावजयीकडे दागिने ठेवलेले असतात, कुणी सराफाकडे पुतळ्यांची माळ दिलेली असते. विश्वासाने दिलेली वस्तू परत मागायला मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 70 लागतो. तुम्ही मागितल्यावर समोरच्याने नकार दिला, त्या तारखेपासून तीन वर्षं. तुम्हीच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये 22 सप्टेंबर 2023 ला तुम्ही लिहिलंय, "पदक परत द्या." त्याच रात्री उत्तर आलंय, "ते आता मिळणार नाही, विषय संपवा." मागणीही झाली आणि नकारही आला. एकदा सुरू झालेली मुदत पुढच्या नोटिशीने थांबत नाही की नव्याने सुरू होत नाही. 22 सप्टेंबर 2026 ही तुमची शेवटची तारीख.

उशीर माफ करून घेऊ, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. ती सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला दावा फेटाळावाच लागतो. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे मुदत संपली की वस्तूवरचा तुमचा हक्कच संपतो. "कोर्टात दहा वर्षं जातात म्हणून थांबलो," असं तुम्ही लिहिलंत. जातात, मीही रोज बघतो आणि मलाही त्याचा संताप येतो. पण ती वर्षं दाव्याचा निकाल लागायला जातात. दावा दाखल करायला एक दिवस पुरतो, आणि तो दिवस तुम्ही अजून काढलेला नाही. आठ महिने पोलीस ठाण्यात हेलपाटे घातलेत, त्यानेही मुदत एका दिवसाने वाढलेली नाही. फौजदारी तक्रार हवी तर चालू ठेवा, तिचं पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही.

इंजिनिअर साहेबाची गोष्ट कोर्टाला पटेल की नाही, माहीत नाही. ती पटलीच पाहिजे असंही नाही. वस्तू तुमच्या ताब्यात होती आणि ती तुम्ही विश्वासाने दिलीत, एवढं सिद्ध झालं तर पाया भक्कम. त्यासाठी तुमचे जुने फोटो फार मोलाचे आहेत. पदकाच्या एका बाजूला हिमनगांतून वाट काढणारं जहाज, मागच्या बाजूला 15 एप्रिल 1912 ही तारीख, आणि कडेला 'क्रू' या शब्दाच्या खाली नखाएवढा पोचा. तो पोचा दाव्यात शब्दात लिहा. अशी पदकं सुमारे 320 काढली होती, बहुतेक ब्राँझचीच. त्यातलं तुमचं कोणतं, हे तो पोचाच सांगेल.

दाव्यासोबत त्याच दिवशी तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्या, पदक कुठेही हलवू नये म्हणून. त्यात 1972 च्या पुरावशेष कायद्याचा आधार घ्या. ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. हे पदक त्या व्याख्येत बसतं असं मला वाटतं, पण वाद झाला तर अंतिम निर्णय पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांचा. पैशाने भरपाई घ्या, असं कोर्ट सहसा म्हणणार नाही, कारण अशा वस्तूची नुकसानी ठरवणंच अवघड.

मी यावर एवढं बोलतोय त्यालाही कारण आहे. 'कार्पेथिया'च्या कप्तान रॉस्ट्रनने खोल्यांचं गरम पाणी आणि उष्णता बंद करून सगळी वाफ इंजिनाकडे वळवली, रात्रभर बर्फातून जहाज हाकलं आणि सातशेहून अधिक माणसं वाचवली. त्याची निशाणी पावतीविना कुणाच्या कपाटात पडून राहावी, हे मला सहन होत नाही.

पदक आजोबांचं, म्हणून तुमच्या दोघी बहिणींनाही वादी करा. प्रतिवादी सांगलीत राहतो, तेव्हा दावा सांगलीतच. मूल्यांकन आणि कोर्ट फी तिथल्या वकिलाला विचारा. आणि तो मेसेज ज्या मोबाईलमध्ये आहे, तो एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रीसेट करू नका. पुराव्याचं प्रमाणपत्र करायला तोच लागेल.