सुई घुसवायची नसते, सरकवायची असते

सिडको, नाशिक

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हनुवटीवरच्या केसांसाठी दर आठ दिवसांनी थ्रेडिंगला जाण्याचा तुला आलेला कंटाळा मला नवा नाही. तुझ्या वयाची असताना माझीही कितीतरी वर्षे पार्लरच्या त्याच खुर्चीत गेली. घरच्या घरी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सुईतून थोडी वीज सोडून केस मुळापासून कायमचे काढणे, करता येईल का, असे तू विचारले आहेस. करता येते, मी स्वतः केले आहे. मात्र तू ज्या घाईने हनुवटीपासून सुरुवात करू म्हणतेस, ती घाई मला मान्य नाही. पहिले तीन महिने सुई फक्त पोटरीवर चालवायची, चेहऱ्याला हात लावायचा नाही, ही माझी अट आहे.

त्याआधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना भेटून ये. हनुवटीवर जाड केस येण्यामागे पुष्कळदा पीसीओडी, म्हणजे बीजांडकोश आणि संप्रेरकांचा विकार, असते, आणि संप्रेरकांचे बिघडलेले प्रमाण तसेच राहिले तर एका बाजूने तू केस काढशील आणि दुसऱ्या बाजूने नवे येत राहतील. मधुमेह असेल, जखमेचा व्रण फुगून वर येण्याची प्रवृत्ती असेल किंवा कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर हा उद्योग घरी करू नये. तीळ किंवा चामखीळ यांवरच्या केसांना, तसेच नाकाच्या आणि कानाच्या आतल्या केसांना कधीही सुई लावायची नाही.

आता मूळ क्रिया नीट समजून घे, कारण ती समजली की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात. 1875 मध्ये अमेरिकेतील सेंट लुइसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या, आत वळलेल्या पापण्यांचे केस कायमचे काढण्यासाठी ही पद्धत वापरली. केसाच्या शेजारून मुळापर्यंत बारीक सुई सरकवायची आणि तिच्यातून अगदी थोडा एकदिश प्रवाह सोडायचा. सुई ऋण ध्रुवाला जोडलेली असल्यामुळे तिच्याभोवतीच्या खारट ओलाव्यातून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, तयार होतो आणि तोच केस उगवणाऱ्या पेशी नष्ट करतो. सुई स्वतः केस जाळत नाही. त्यामुळे केस काळा असो वा पांढरा, त्वचा गोरी असो वा सावळी, या पद्धतीला फरक पडत नाही. लेझरला मात्र केसातला काळा रंगच लागतो.

याच कारणाने ध्रुव उलटे होणे हा या कामातला सर्वांत वाईट अपघात आहे. सुई धन ध्रुवाला लागली, तर तिचे लोखंड विरघळून त्वचेत उतरते आणि गोंदल्यासारखा काळा ठिपका राहून जातो. माझ्या डाव्या पोटरीवर असे तीन ठिपके आजही आहेत. सातपूरच्या कारखान्यात मी पॅनेलच्या वायरिंगचे काम करत होते, तारांची मला सवय होती, आणि तरीही बॅटरीची तुटलेली क्लिप बदलताना मी लाल-काळ्याची अदलाबदल केली व न तपासता कामाला बसले. तेव्हापासून प्रत्येक बैठकीआधी मी वाटीभर मिठाच्या पाण्यात दोन्ही टोके एकमेकांपासून दूर धरून बुडवते. ज्या टोकाशी बुडबुडे जास्त येतात, ते ऋण. त्या वेळी तिथे सुईऐवजी टाचणी लावावी, म्हणजे निर्जंतुक सुई वाया जात नाही.

यंत्र तयार आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारेच घे. भिंतीतल्या विजेवर किंवा अडॅप्टरवर चालणारे काहीही अंगाला लावायचे नाही. चिमट्याने केस धरून प्रवाह सोडणारी यंत्रेही मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस, कारण केसातून प्रवाह मुळापर्यंत पोहोचत नाही. सुई निर्जंतुक पाकिटातली, साधारण केसाच्या जाडीची आणि एकदाच वापरायची. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमव. घंटागाडीत सुट्या टाकल्यास त्या कामगाराच्या हातात घुसतील.

खरे कौशल्य सुई सरकवण्यात आहे. चांगला दिवा आणि भिंग घे, हात धू, त्वचेवर स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू दे. केस ज्या कोनात बाहेर आला आहे त्याच कोनात, त्याच्या बुडाला चिकटून सुई आत जाऊ दे. ती लोण्यात गेल्यासारखी विनासायास जाते आणि तळाशी हलकी अडते. टोचल्यासारखे वाटले, त्वचा खळग्यासारखी दबली किंवा रक्त आले, तर मार्ग चुकला असे समज आणि प्रवाह न सोडता सुई बाहेर काढ. दुसरा ध्रुव ओल्या कापडात गुंडाळून हातात धरायचा. तीन दशांश मिलीअँपिअर प्रवाह दहा-पंधरा सेकंद, एवढ्यावर सुरुवात कर. मग चिमट्याने केस हलकेच उचल. मूळ सुटले असेल तर तो ओढ न लागता निघतो आणि बुडाशी ओलसर आवरण दिसते. ओढ लागली तर उपटू नकोस; प्रवाह तोच ठेवून आणखी पाच-सात सेकंद दे. मी पहिल्या दिवशी नऊ केसांवर तासभर घालवला आणि त्यातले दोनच असे सुटले. तुझेही तसेच होईल, त्याने नाउमेद होऊ नकोस.

एकमेकांना लागून असलेले केस एकाच दिवशी घेऊ नयेत, कारण रसायन एका जागी साचले की व्रण पडतो. नंतर लाली आणि बारीक खपल्या येतात. त्या खरवडल्या की आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कॉलेज रोडवरच्या मुलींप्रमाणे तूही तोंडाला स्कार्फ बांधून गाडी चालवतेस. हनुवटीची पाळी येईल तेव्हा तो मऊ सुती आणि रोज धुतलेला असावा, कारण घामट स्कार्फ ताज्या खपलीवर घासला तर तिथे पू होतो. ऊन टाळण्यासाठी मात्र तो हवाच.

काढलेल्या जागी पुन्हा केस दिसले तर पद्धत फसली असे मानू नकोस. कोणत्याही वेळी काही केस वाढत असतात आणि काही मुळे निजलेली असतात. निजलेली जागी होतात तेव्हा तीही घ्यावी लागतात. माझ्या हनुवटीला पावणेदोन वर्षे लागली. या काळात थ्रेडिंग आणि चिमटा पूर्ण बंद, कारण उपटलेल्या केसाची जागा सुईला सापडत नाही. केस फारच डोळ्यांवर आला तर कात्रीने काप.

रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे ये, त्या वेळी खिडकीतून सरळ उजेड येतो. यंत्र, नवी बॅटरी आणि न फोडलेले सुयांचे पाकीट आण. पोटरीवरचे केस तोवर वाढू दे, दोन-तीन मिलिमीटर तरी हवेत. मिठाच्या पाण्याची वाटी मी तयार ठेवते.

तुझी,
काकू