समोरच्याचा कॅमेरा थेट आपल्या दारावर असेल तर

ताई, तुमच्या समोरच्या फ्लॅटवाल्यांनी चौकटीवर कॅमेरा लावलाय, तुमचं दार उघडलं की हॉलमधला सोफा त्यांच्या मोबाइलवर दिसतो, आणि विचारलं तर "तुम्हाला काय लपवायचंय?" हे उत्तर. मी सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पार्किंगच्या खालोखाल भांडणं याचीच.

लगेच पोलिसांत धावू नका. आधी त्यांच्याकडे जाऊन "चित्र दाखवा" एवढंच म्हणा. लेन्स किती रुंद पाहते हे बऱ्याचदा लावणाऱ्यालाच ठाऊक नसतं. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्कची सोय असते. तुमच्या दारावर चौकोन ओढला की तेवढा भाग काळा होतो आणि रेकॉर्डही होत नाही. तो तुमच्यासमोरच लावून घ्या. नसेल तर कॅमेरा थोडा खाली वळवायला सांगा. आणि माइक! तो सगळे विसरतात. जिन्यातलं बोलणं टिपून चोर सापडत नाही, तो बंदच हवा.

ऐकलं नाही तर कमिटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पॅसेज सामाईक आहे, तिथे कुणी काय लावायचं हे कमिटीला विचारावंच लागतं.

कायद्याचं म्हणाल, तर २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध उपयोगी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीचा घरगुती वापर वगळलाय. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बाईला खासगी कृती करताना चोरून पाहण्याबद्दल आहे, सोफ्यावर पेपर वाचण्याला ते लागणार नाही. उगाच त्याची धमकी देऊ नका, वकील हसेल. कामाचा आहे तो कोलकात्याचा निकाल: एकाच घरातल्या राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय लावलेले कॅमेरे उच्च न्यायालयाने चुकीचे ठरवले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तुमचं प्रकरण हुबेहूब तसं नाही, पण नोटिशीत लिहायला वजनदार आहे.

खरं सांगू? मला शेजाऱ्यापेक्षा सोसायटीच्या डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची, धास्ती जास्त. माझ्याच काळात एका मुलीची रात्री एकला घरी आल्याची क्लिप आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. पासवर्ड वॉचमनपासून खजिनदारापर्यंत सगळ्यांकडे होता आणि तो कंपनीने दिलेला मूळचाच. मुलीच्या वडिलांसमोर मला मान वर करता आली नाही. त्यानंतर ठराव केला: पासवर्ड दोघांकडेच, फुटेज पोलिसांचं पत्र किंवा सभासदाचा लेखी अर्ज असल्याशिवाय नाही, आणि कोणी कधी पाहिलं याची वहीत नोंद. सुरुवातीला "कोर्ट उघडलंय का" म्हणून टोमणे खाल्ले. मग चोरी झाली, पोलिसांनी मूळ रेकॉर्डिंग मागितलं आणि आता कोर्टासाठी नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्रही लागतं हे कळलं, तेव्हा तीच वही कामी आली. ग्रुपवरच्या क्लिपला तिथे कुणी विचारलं नाही.

तुमच्या सोसायटीत असा ठराव आहे का, ते याच अर्जात विचारून टाका. आणि चित्र पाहून आलात की कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे ते कळवा, मास्क मेनूत कुठे असतो ते सांगतो.