ठाण्याहून लोकलने जाऊन बघता येईल अशी, हटके बांधणीची जुनी शाळा कोणती?

सीएसएमटीजवळचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. संस्था १८५७ची, निओ-गॉथिक (म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या युरोपीय शैलीतली) इमारत १८७८ची, आराखडा जॉर्ज ट्विज मोलेसी यांचा. फास्ट लोकल पकडा, शेवटच्या स्टेशनला उतरा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालायला लागा. पण त्याआधी स्टेशनच्याच भिंतींकडे मान वर करून बघा. दगडात कोरलेली पानं, पक्षी, प्राणी. यातलं बरंच काम याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. (आपण ठाणेकर रोज त्याखालून धावतो, बघतंय कोण!) क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं इथलेच शिक्षक लॉकवुड किपलिंग यांची. शाळेच्या आवारातला हिरवा लाकडी बंगलाही चुकवू नका. वर्ग चालू असतात, त्यामुळे आत जाण्याआधी गेटवर विचारा.